'जळण' आणि 'इंधन' : एक अर्थविचार

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या खेड्यांत हिवाळ्यातील ऊब हा घरखर्चाचा स्वतंत्र विषय मानला जात नाही. तो 'जळण' ह्या एका शब्दात सामावलेला असतो. चुलीवर भाकरी होते, आंघोळीचे पाणी तापते, म्हाताऱ्यांचे हातपाय शेकले जातात. बाळंतिणीच्या बाजेखालील शेगडीला निखारेही तेथूनच मिळतात. लाकूडफाटा, शेणी, तुराट्या ही सारी ह्या शब्दाची व्याप्ती होय.

शासकीय परिभाषेतील 'इंधन' हा संस्कृत 'इन्ध्' धातूपासून आलेला शब्द मूळ अर्थाने 'जळणा'हून फारसा निराळा नाही. तथापि 1 मे 2016 रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत त्यास 'स्वयंपाकाचे' हे विशेषण जोडले गेले आणि अर्थसंकोच घडला. सिलिंडरमागे 2022 मध्ये 200 व 2023 मध्ये 300 रुपये अनुदान ठरले, तेही ह्याच मर्यादेत. धुरापासून स्त्रियांची सुटका हा योजनेचा हेतू निर्विवाद होय. परंतु गॅसवर भाकरी होते, शेक मिळत नाही. म्हणून गॅस आल्यावरही महाबळेश्वराच्या थंडीत चूल पेटतेच. ह्यास केवळ 'सवय' म्हणणे म्हणजे भाषेने दाखविलेली गरज नाकारणे होय.

ब्लँकेटवाटप व चौकातील शेकोटी हे उपाय प्रासंगिक आहेत. ग्रामसभेने गरजेची मोजणी 'जळण' ह्या शब्दाने केली, तर एकट्या वृद्धेची थंडीही तीत येईल. 'इंधना'च्या हिशेबात ती सुटते. कारण तिची भाकरी एकच असते.