अंगण आणि उद्यान

ग्रंथाचें, नाटकाचें किंवा चित्राचें परीक्षण झालें पाहिजे, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु लहान मुलांच्या खेळासाठीं आपण जी जागा करून देतों तीहि एक रचना आहे, तींतहि रचणाराची दृष्टि उमटलेली असते, आणि म्हणून तिचेंहि गुणदोषविवेचन व्हावयास पाहिजे, ही गोष्ट सुशिक्षितांच्याहि ध्यानांत सहसा येत नाहीं. पुस्तक वाईट निघालें तर तें मिटून ठेवतां येतें. चार वर्षांच्या मुलाला मात्र जें अंगण दिलें असेल त्यांतच आपलें बाळपण काढावें लागतें.

आमच्या शहरांतील कोणतेंहि बालोद्यान पाहा. एक घसरगुंडी, दोन झोपाळे, एक सी-सॉ, सभोंवार लोखंडी कठडा आणि हिरवळीवर पाऊल न ठेवण्याविषयीं बजावणारी पाटी. अलीकडे यांत रबरी फरशीची भर पडली आहे. सावलीचा विचार क्वचितच केलेला असतो, त्यामुळें चैत्र-वैशाखांत दुपारभर त्या लोखंडाला हात लावण्याची सोय नसते. हीं साधनें निरुपयोगी आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. झोक्याचा आनंद खरा आहे, आणि चढण्या-उतरण्यानें शरीरहि बळकट होतें. आमचा आक्षेप निराळा आहे. या साऱ्या जागेंत मुलाला बदलतां येईल अशी एकहि वस्तु नसते. वीस वेळां घसरल्यावरहि घसरगुंडी होती तशीच राहते. उलट दिवाळींत किल्ला करूं लागलेलें मूल पाहावें. तें माती कालवतें, चढ ढांसळला म्हणजे पाया रुंद करतें, विहिरींतलें पाणी कां जिरलें म्हणून विचारतें, धाकट्या भावाशीं भांडतें आणि त्याच्याच हातून अळीव पेरून घेतें. शिक्षण म्हणून जें म्हणतात तें येथें आपोआप घडतें; कारण करण्यासारखें कांहीं उरलेलें असतें. बालोद्यानांत सर्व कांहीं करून झालेलें असतें.

फ्रोबेलनें १८३७ मध्यें जर्मनींतील ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांसाठीं संस्था काढिली आणि १८४० मध्यें तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हें नांव दिलें. तें नांव केवळ अलंकार नव्हतें. त्याच्या योजनेंत प्रत्येक मुलाचा स्वतःचा वाफा होता, आणि त्या वाफ्यांभोंवतीं सर्वांची सामाईक बाग होती. आपल्या वाफ्यांत मुलानें स्वतः पेरावें, सामाईक बागेंत सर्वांबरोबर राबावें. व्यक्ति आणि समाज यांचा संबंध व्याख्यानावांचून समजाविणारी ही मांडणी आम्हांस त्याच्या प्रसिद्ध लांकडी ठोकळ्यांहून अधिक मोलाची वाटते. पण ठोकळे पेटींतून सर्वत्र गेले, नांवहि गेलें; वाफे पुष्कळ ठिकाणीं मागेंच राहिले.

या शतकापूर्वींच्या शतकांत दोन रचनाकारांनीं हाच धागा निराळ्या रीतीनें उचलला. डेन्मार्कमधील उद्यानरचनाकार सोरेन्सेन यांस असें दिसून आलें, कीं आंखून दिलेल्या क्रीडांगणांपेक्षां बांधकामाच्या जागीं पडलेल्या सामानांत मुलें अधिक रमतात. ही कल्पना त्यांनीं १९३१ मध्यें लिहून मांडली. आणि १९४३ मध्यें, देश जर्मन सैन्याच्या ताब्यांत असतांना, कोपनहेगनजवळ एम्ड्रुप येथें फळ्या, विटा व मोडकें सामान यांचें क्रीडांगण निघालें. मुलेंच तेथें घरें बांधीत आणि मोडीत. हॉलंडमध्यें आल्डो व्हान आइक यांनीं १९४७ पासून सुमारें तीस वर्षांत ॲम्स्टरडॅम शहरांत सातशेंहून अधिक लहान क्रीडांगणें रचलीं. रुंद कांठाचा वाळूचा हौद, उड्यांसाठीं ठोकळे, कोलांट्यांसाठीं कमानी, एवढेंच सामान. परंतु त्या ठोकळ्याचें दुकान करावें कीं गड, हें मुलानें ठरवावयाचें. एम्ड्रुपची जागा डोळ्यांना ओबडधोबड, ॲम्स्टरडॅमची अत्यंत नेटकी. तथापि मुलाला कांहींतरी करावयास ठेवणें हा गुण दोन्हींत सारखाच आहे.

परदेशाकडे पाहतांना घरचें उदाहरण विसरूं नये. ताराबाई मोडक यांनीं १९४५ मध्यें बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें केंद्र सुरू केलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळेनेंच मुलांकडे जावें, या विचारानें त्यांनीं वस्तीच्या अंगणांत बालवाडी भरविली. अंगणवाडी ती हीच. पुढें गुरें राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठीं कुरणशाळा निघाली. येथें जागा नवी बांधली नाहीं, ती ओळखली. आणि आमच्या मतें हेंच या रचनेचें थोर वैशिष्ट्य होय. १९७५ मध्यें सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेनें हें नांव देशभर पोंचविलें. पोषण व आरोग्य यांसाठीं त्या योजनेनें केलेलें कार्य मोठें आहे, हें आम्ही मान्य करतों. परंतु आज कितीतरी अंगणवाड्या एकाच खोलींत भरतात आणि त्यांच्या दारापुढें अंगणच नसतें. फ्रोबेलच्या बागेचें जें झालें, तेंच आमच्या अंगणाचें झालें.

मातीनें कपडे मळतात, उंचावरून मूल पडतें, अशी भीति पालक बोलून दाखवितात, आणि ती अनाठायीं नाहीं. परंतु दोन प्रकारच्या भयांत भेद केला पाहिजे. फुटकी कांच, गंजलेला खिळा, उघडें गटार यांचा धोका मुलाला दिसत नाहीं; तो मोठ्यांनीं दूर करावा. झाडाची खालची फांदी किती उंच आहे हें मात्र त्याला दिसतें. तेथें अंदाज घेणें हाच त्याचा अभ्यास आहे, आणि तो आपण हिरावून घेऊं नये.

यास मोठा खर्च लागत नाहीं. दाट सावलीचें एक झाड, मातीचा ढीग, रात्रीं झांकतां येईल असा वाळूचा हौद, एक नळ आणि दोनचार वाफे, इतकें पुरे आहे. अडचण पैशाची नसून जागेची आहे, आणि ती जागा आपणच मोटारींना देऊन टाकिली आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण गृहनिर्माण संस्थांचे सभासद असतील. पुढील सभेंत वाहनांच्या जागेचा प्रश्न निघेल तेव्हां त्यांनीं एका कोपऱ्याची मागणी मुलांच्या वतीनें करावी, एवढीच आमची विनंति आहे. कारण त्या सभेंत मुलांना मत नसतें.