कुलवृत्तांत आणि कोतवालाची वही

मराठी टीकाकारांनी ज्या लेखनाकडे सहसा ढुंकूनही पाहिले नाही, असा एक प्रकार म्हणजे कुलवृत्तांत. आपटे, गोखले, बापट, कर्वे अशा अनेक घराण्यांनी आपापले जाडजूड ग्रंथ सिद्ध केले आहेत. आप्तांनी वर्गणी काढावी, कुणा सेवानिवृत्त गृहस्थाने गावोगाव पत्रे धाडावीत, आलेल्या उत्तरांतून पिढ्या जुळवाव्यात आणि ग्रंथ छापून घरच्याच माणसांत वाटावा, असा हा उद्योग. ही नुसती नामावळी आहे, असे म्हणून तिला बाजूस सारणे सोपे आहे. मला ते पटत नाही. मी कादंबऱ्या लिहितो. एका घराच्या चार पिढ्या कागदावर उभ्या करावयाच्या म्हणजे काय यातायात पडते, ते मला ठाऊक आहे.

या ग्रंथांचा साचा ठरलेला असतो. आधी मूळपुरुष, मग गोत्र, कुलदैवत, मूळ गाव. त्यानंतर शाखा, वंशवृक्ष आणि शेवटी एकेका पुरुषाची टिपणे. त्यांतील चिकाटीला नमस्कारच करावा. इतिहासाचार्य राजवाडे घरोघरची दप्तरे धुंडाळीत हिंडले. १८९८ मध्ये त्यांच्या साधनांचा पहिला खंड निघाला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. घरातला जुना कागद रद्दी नव्हे, ही जाण महाराष्ट्राला त्या पिढीने दिली.

पण जाण आली म्हणून धैर्य येतेच असे नाही. कुलवृत्तांतात सगळे पूर्वज उद्योगी, सत्त्वशील आणि दानशूर. कर्जबाजारी कुणीच नाही, घर सोडून पळालेला कुणी नाही. याउलट गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ पाहा. १९०७ मध्ये छापून निघालेले हे पुस्तक सत्तावन्नच्या धामधुमीसाठी वाचले जाते; परंतु वरसईचा हा ब्राह्मण उत्तरेकडे निघाला तो घरावरच्या कर्जापायी. हे त्याने लपविले नाही, म्हणून त्याचे घर आजही आपल्याला खरे वाटते.

दुसरा दोष अधिक खोल आहे. जुन्या वंशवृक्षात मुलगी नसते. सून येते ती टिपणातील एका ओळीपुरती. लक्ष्मीबाई टिळक या गोखल्यांच्या घरातल्या. वंशवृक्षाच्या रीतीने पाहिले तर त्यांची फांदी फुटण्यापूर्वीच खुडलेली. आणि वडिलांच्या सोवळ्याच्या वेडासकट ते घर वाचकांपुढे जिवंत उभे केले कुणी? ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या याच लेकीने! अलीकडे काही कुलमंडळे मुलींच्या शाखाही देऊ लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय.

तिसरा प्रश्न आम्हा मोहाडीकरांचा. कुल कुणाला असते? रियासतकार सरदेसायांनी १९५७ मध्ये ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी प्रसिद्ध केल्या, त्या सरदार-दरकदारांच्या. आमच्याकडचा कोसा विणणारा कोष्टी, वैनगंगेत जाळे टाकणारा ढिवर, धानाच्या बांधीत राबणारा कुणबी किंवा महार यांचा वृत्तांत कुणी लिहावा? रसेलसाहेबांचे भंडारा गॅझेटिअर १९०८ चे. त्यात जातींची वर्णने आहेत. पण जातीचे वर्णन म्हणजे घराची हकीकत नव्हे.

तरीही आमच्या घरांचे कागद आहेत. जुन्या मध्यप्रांतात गावच्या जन्ममृत्यूची वर्दी कोतवालाने द्यावयाची. त्या नोंदींना आजही ‘कोतवाल बुक’ म्हणतात. शाळेचे दाखलखारीज रजिस्टर आहे. बंदोबस्ताची मिसल आणि अधिकार अभिलेख आहेत. त्यांत ‘वल्द’, ‘साकीन’, ‘मौजा’ हे शब्द ओळखता आले की निम्मे काम झाले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. मालगुजाराच्या घरी जुने कागद असतील, तर तेथेही विचारावे.

आज हे कागद फार शोधले जातात, पण कशासाठी? इतर मागासवर्गीयाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी गावोगावची दप्तरे उघडली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. हा शोध हक्काचा आहे, त्याला कुणी नावे ठेवू नयेत. मात्र पणजोबाच्या नोंदीतला जातीचा रकाना वाचून झाला की आपण वही मिटतो. त्याच ओळीत बहुधा बापाचे नाव असते, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असते. बाळंतिणीचे नाव नसते. पुढच्या पानावर तेच मूल मृत्यूच्या रकान्यात भेटावे, असेही घडते. कादंबरीकाराला एवढ्या दोन ओळी पुरतात. घरच्या माणसाला त्या पुरू नयेत काय?

वर्गात मी मुलांना पणजीचे नाव विचारतो. वर्ग गप्प होतो. पणजोबाचे नाव मात्र दाखल्यासाठी पाठ असते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव बापाच्या नावाआधी लिहावयाचे ठरले आहे. पुढच्या पिढीचे काम त्याने हलके होईल. मागच्यांची नावे मात्र म्हाताऱ्यांच्या तोंडीच आहेत, आणि ती दरवर्षी उणी होत आहेत.

तेव्हा वाचकहो, भाऊबीजेला बहिणी, आत्या, मावश्या घरी येतील. फराळानंतर शंभर पानी वही काढा. आजीला तिच्या आईचे नाव विचारा, माहेरचे गाव विचारा, कोणते मूल गेले आणि कोणत्या साथीत, तेही विचारा. कर्ज, भांडण, घर सोडून गेलेला काका, सगळे लिहा. वर तारीख आणि सांगणारीचे नाव घाला. गोत्र ठाऊक नसेल तर ती जागा कोरी ठेवा.