‘ऑटो’ बटण आणि कापसाचा ढीग

यवतमाळ जिल्ह्यात गेल्या वीस वर्षांत जितके कॅमेरे येऊन गेले, तितके महाराष्ट्राच्या फार थोड्या ग्रामीण जिल्ह्यांत गेले असतील. २००६ च्या जुलैत पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली तेव्हा ते आले. २००८ साली जळका गावाचे नाव लोकसभेत निघाले तेव्हा आले आणि २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले तेव्हाही आले. माहितीपटही झाले. मिका पेलेड यांचा ‘बिटर सीड्स’ (२०११) याच जिल्ह्यातील तेलंग टाकळी या गावावर बेतलेला आहे. त्यात कॉलेजात शिकणारी एक मुलगी पत्रकार व्हायचे ठरवते, आणि शेजारच्या कापूस उत्पादकाची कहाणी ही तिची पहिली बातमी ठरते.

या मुलीसारख्या विद्यार्थ्यांच्या हाती आज कॅमेरा आला आहे. कुठे शाळेने किंवा महाविद्यालयाने घेतलेला कॅमकॉर्डर आहे, कुठे लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मागून आणलेला, आणि मोबाइल तर घरोघरी आहे. प्रश्न असा की, तो चालवायला त्यांना कसे शिकवले जाते? आमचे स्पष्ट मत आहे की, वाईट शिकवले जाते. या लेखात त्या शिकवण्याचीच समीक्षा करायची आहे.

शिकवण्याचे दोन प्रकार

पहिला प्रकार पुस्तिकेचा. कॅमेऱ्याचे चित्र, त्यावर एक ते चाळीस आकडे आणि खाली चाळीस बटणांची नावे. विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतात. परीक्षेत ‘आयरिस म्हणजे काय?’ असे विचारले, तर ‘भिंगातून येणारा प्रकाश कमी-जास्त करणारे छिद्र’ असे बिनचूक उत्तर देतात. पण ते केव्हा कमी करायचे आणि कोणासाठी, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. हृदयाच्या आकृतीला नावे देता आली म्हणून नाडी तपासता येत नाही, तसेच हे.

दुसरा प्रकार एका दिवसाच्या शिबिराचा. ‘हे बटण ऑटोवर ठेवा, लाल बटण दाबा, झूम फार करू नका, झाले!’ पहिल्या प्रकारापेक्षा हा बरा वाटतो, कारण मुलांच्या हाती कॅमेरा तरी येतो. पण आमच्या मते हाच अधिक घातक आहे. ‘ऑटो’ म्हणजे कॅमेऱ्याने निर्णय घेतलाच नाही असे नव्हे. निर्णय घेतला जातोच. तो घेताना आपण तिथे नसतो, एवढेच.

हे आम्ही आमच्या चुकीतून शिकलो. राळेगाव तालुक्यातील एका घरी, अंगणात वेचलेल्या कापसाच्या ढिगापुढे बसलेल्या शेतकरी बाईंची मुलाखत आम्ही ऑटोवर चित्रित केली. त्या चांगल्या अर्धा तास बोलल्या. नंतर कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर आम्ही त्यांना ती दाखवली, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “ह्यात तं मी नाहीच जी, माही सावली हाय.” कापूस राखी दिसत होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर डोळे कुठे आहेत तेही कळत नव्हते.

असे का झाले?

याचे कारण वर्गात दाखवता येते. एक पांढरा, एक राखी आणि एक काळा असे तीन मोठे कागद घ्या. कॅमेरा ऑटोवर ठेवा, प्रत्येक कागदाने चौकट पूर्ण भरून पाच-पाच सेकंद चित्रित करा आणि मुलांना दाखवा. तिन्ही कागद जवळपास सारखेच राखी दिसतील. मुले चकित होतात. प्रयोग मोबाइलवरही होतो.

कॅमेऱ्याला समोर काय आहे हे कळत नाही. त्याच्यापर्यंत एकूण किती प्रकाश येतो, एवढेच त्याला कळते. जगातील बहुतेक दृश्यांची सरासरी मध्यम राखी असते, असे गृहीत धरून तो ती सरासरी तिथे आणून ठेवतो. छायाचित्रणात या राखीचे प्रमाण म्हणून, पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्के परत पाठवणारा पृष्ठभाग मानतात.

आता हिशेब करू. आकडे ढोबळ आहेत. स्वच्छ कापूस पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परत पाठवतो. उन्हातान्हात राबलेला सावळा चेहरा सुमारे २० टक्के, तर आपली काळी माती ५ ते १० टक्के. चौकटीचा बहुतेक भाग कापसाने व्यापला, तर कॅमेरा ८० ला ओढून १८ च्या आसपास आणतो, म्हणजे प्रकाश चौथाईवर येतो. पण छिद्र एकच आहे! कापसाबरोबर चेहराही चौथाईवर येतो. २० चे ५ होतात. ज्या मातीत ती बाई राबते, त्या मातीइतकाच तिचा चेहरा काळा होतो. कॅमेऱ्यात बिघाड नसतो. त्याने आपले गणित बरोबर केलेले असते, पण माणूस कोणता आणि कापूस कोणता हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

आयरिस: पहिला धडा

म्हणून पहिला धडा आयरिसचा असावा. भिंगावरचे आकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११ असे चढत जातात. प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. आकडा वाढला की प्रकाश घटतो, याने मुले गोंधळतात. तो आकडा म्हणजे भिंगाचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास आहे, हे सांगितले की गोंधळ मिटतो. भाजक लहान झाला की भागाकार मोठा होतो, पाचवीतले गणित!

करायचे ते सोपे आहे. कॅमेरा चेहऱ्याजवळ न्या किंवा झूम करून चौकट चेहऱ्याने भरा. आयरिसला क्षणभर ऑटोवर जाऊ द्या, आलेला आकडा पाहा आणि आयरिस मॅन्युअलवर आणून तिथेच ठेवा. मग मागे या. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरले की बहुतेक फोनांत हेच कुलूप लागते. सावळा चेहरा फिका पडला, तर आयरिस अर्धी पायरी मिटा.

आता चेहरा दिसेल, पण उन्हातला कापूस चुन्यासारखा सपाट होईल आणि त्याचे तंतू दिसणार नाहीत. दोन्ही हवे असेल तर छिद्राने भागत नाही, जागा बदलावी लागते. बाईंना विनंती करून ढीग आणि माणूस दोन्ही सावलीत येतील असे बसवावे. उन्हापेक्षा सावलीत प्रकाश आठ ते सोळा पटींनी कमी असतो. त्यामुळे माणूस ओसरीच्या सावलीत आणि मागे उन्हातला कापूस, ही मांडणी सर्वांत वाईट. आम्ही नेमकी तीच निवडली होती.

झेब्रा आणि कातडीचा रंग

व्यावसायिक कॅमेऱ्यात ‘झेब्रा’ नावाची सोय असते. ठरावीक पातळीपेक्षा उजळ भागांवर पडद्यात तिरपे पट्टे दिसतात. चित्रणात ते उतरत नाहीत. पातळी १०० टक्क्यांवर ठेवली, तर कोणता भाग पार पांढरा होऊन वाया जातो आहे ते कळते. दुसरी पातळी बहुधा ७० ची. पुस्तिका सांगतात, ‘चेहऱ्याच्या उजळ भागावर पट्टे दिसू लागले की प्रकाश बरोबर.’

इथे आमचा आक्षेप आहे. हा ७० चा आकडा गोऱ्या कातडीवरून ठरला आहे. आपल्याकडील गोंड किंवा कोलाम शेतमजुराच्या गालावर ७० चे पट्टे आणायचे म्हटले, तर छिद्र इतके उघडावे लागेल की चेहरा फिका आणि आभाळ पांढरेफटक होईल. सावळ्या चेहऱ्यासाठी ५० ते ६० च्या दरम्यानची पातळी पुष्कळदा योग्य ठरते. पण त्याचाही नियम करू नये. माणूस पाहावा आणि ठरवावे.

हा प्रकार जुना आहे. कोडॅकच्या रंगीत छपाईसाठी प्रयोगशाळांना जी नमुना-पत्रे मिळत, त्यांवर अनेक वर्षे गोऱ्या स्त्रीचेच चित्र असे. त्यांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत. कॅनडातील संशोधक लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली या पत्रांचा इतिहास मांडून दाखवला की, ‘तटस्थ’ समजल्या जाणाऱ्या तंत्राच्या पायाशीही कोणाची तरी कातडी प्रमाण मानलेली असते. विज्ञानाच्या शिक्षकाला मोजमाप आणि मापदंड यांतला फरक समजावून देण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

पांढरे म्हणजे कोणते पांढरे?

व्हाइट बॅलन्स करताना पांढरी वस्तू दाखवून बटण दाबायचे असते. ‘याला पांढरे मान’ अशी ती आज्ञा आहे. हॅलोजन दिव्याचा प्रकाश सुमारे ३,२०० केल्व्हिनचा, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५,६००, तर सावलीतला त्याहून निळसर. जागा बदलली की बॅलन्स पुन्हा करायला हवा, हे सर्व पुस्तिकांत असते. पण पांढरे कोणते घ्यावे, हे नसते. समोर नीळ दिलेले धोतर आहे म्हणून ते दाखवले, तर कॅमेरा त्या निळसर छटेलाच पांढरे मानतो आणि बाकी सगळे दृश्य पिवळट करतो. उलट कच्चा कापूस किंचित पिवळसर असतो. तो दाखवला तर दृश्य निळसर होते. मुलांनी कागद, धोतर आणि कापूस या तिघांवर बॅलन्स करून एकाच मित्राचा चेहरा चित्रित करावा. तीन निराळे मित्र दिसतील.

उरलेली बटणे

एनडी फिल्टर म्हणजे कॅमेऱ्याचा काळा चष्मा. तो बहुधा १/४, १/१६, १/६४ अशा पायऱ्यांत असतो. कडक उन्हात छिद्र फार मिटले की प्रकाशाच्या विवर्तनामुळे चित्र मऊ पडते. ते टाळण्यासाठी हा चष्मा. गेनने प्रकाश वाढत नाही, विजेचा संकेत वाढतो, आणि त्याबरोबर खरखरही. दर ६ डेसिबलला एक पायरी, हे लक्षात ठेवावे. शटर १/५० वर ठेवावे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते, आणि १/६० वर ठेवल्यास चित्रात लहर उमटू शकते. फोकससाठी डोळ्यांवर पूर्ण झूम करून चित्र स्पष्ट करावे, मग मागे यावे. मध्ये पऱ्हाटीच्या फांद्या आल्या की ऑटोफोकस त्यांच्याकडे धावतो.

आवाजाबद्दल मात्र थांबून सांगायला हवे. आवाजाच्या ऑटोलाही तोच रोग आहे: त्याला सरासरी हवी असते. बोलणारी व्यक्ती गप्प झाली की तो पातळी चढवतो आणि पंख्याची घरघर, दूरचा ट्रॅक्टर, शेजारचा टीव्ही वर येतो. ज्या घरात मृत्यू झाला आहे, तिथे बोलता बोलता थांबणे हेही सांगणेच असते. ऑटो त्या शांततेत कचरा भरतो. पातळी हाताने अशी लावावी की नेहमीच्या बोलण्याचे उंच टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, आणि मग तिला हात लावू नये.

‘आपल्या मुलांना हे जमेल का?’

हा प्रश्न शिक्षकच विचारतात. त्याचे उत्तर अहमदाबादेत १९८४ सालीच मिळाले आहे. अमेरिकेतील मार्था स्टुअर्ट यांनी ‘सेवा’ संघटनेच्या सुमारे वीस स्त्रियांना व्हिडिओ शिकवले. त्यांतल्या काहींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी त्यांतूनच ‘व्हिडिओ सेवा’ हा विभाग उभा राहिला. तेलंगणात झहीराबादजवळच्या पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी स्त्रिया कॅमेरा शिकल्या. वरून खाली पाहणाऱ्या चित्राला त्यांनी ‘पटेल शॉट’ म्हटले, कारण जमीनदार तसा पाहतो. डोळ्याला डोळा भिडवणारा तो ‘संघम शॉट’. आमच्या चाळीस आकड्यांच्या पुस्तिकेत असा एक तरी शब्द आहे का? त्या स्त्रियांनी बटणाच्या आधी नजर ओळखली, म्हणून बटण लक्षात राहिले.

ऑटो सर्वस्वी टाकाऊ आहे असे आम्ही म्हणत नाही. मोर्चात धावताना, अचानक काही घडताना ऑटोच तारतो, आणि चेहरा ओळखणारे नवे कॅमेरे जुन्यांपेक्षा पुष्कळ शहाणे झाले आहेत. पण ज्याला हाताने करता येते, त्यानेच ऑटो वापरावा. पाढे येणाऱ्याने गणकयंत्र वापरावे, त्यातलाच हा प्रकार.

शिक्षकांना आमची सूचना एवढीच. पहिल्या दिवशी बटणांची नावे सांगू नका. तीन कागदांचा प्रयोग करा. दुसऱ्या दिवशी मुलांना एकेक माणूस नेमून द्या: आई, शेजारचे काका, शाळेचे शिपाई. त्यांचा चेहरा नीट दिसेल आणि बोलणे नीट ऐकू येईल असे दोन मिनिटांचे चित्रण आणायला सांगा. आणि गुण देण्याचे काम त्या माणसांकडे सोपवा. चित्रण त्यांना दाखवायचे आणि एकच प्रश्न विचारायचा: ‘ह्यात तुम्ही आहात का?’