मुक्या पानांना कंठ फुटला

तामादा पहिल्यांदा ड्रमसमोर बसतो तेव्हाचे त्याचे हात ऐकण्यासारखे आहेत. काठ्या घट्ट आवळून धरलेल्या, प्रत्येक ठोका गरजेपेक्षा जोरात, दोन ठोक्यांमधलं अंतर कधी ताणलेलं तर कधी आकसलेलं. ‘ब्लू जायंट’ या जपानी ॲनिमे चित्रपटातला हा मुलगा मित्राच्या सॅक्सोफोनमुळे जॅझकडे ओढला जातो आणि अगदी शून्यापासून ड्रम शिकायला लागतो. पडद्यावर दिसतो तामादा. प्रत्यक्षात वाजवतो आहे शुन इशिवाका, जपानच्या आजच्या आघाडीच्या जॅझ ड्रमवादकांपैकी एक. ज्याच्या हातात लय मुरलेली आहे, त्याने ती हातातून काढून ठेवून वाजवायचं होतं. मुद्दाम बेताल वाजवणं सोपं असतं. त्याचं हसू होतं आणि विषय संपतो. शिकण्याची मनापासून धडपड करणाऱ्या माणसाचं अडखळणं वाजवून दाखवणं फार अवघड. इशिवाकाने ते केलं आहे. चित्रपट पुढे सरकतो तसे तामादाचे खांदे सैल होतात, झांजेचा नाद मोकळा होतो, लय खोळंबेनाशी होते. क्लबमध्ये नेहमी येणारा एक म्हातारा श्रोता त्याला सांगतो, की मी तुझं वादन वाढताना ऐकायला येतो. त्या क्षणी आपल्या लक्षात येतं, की आपणही इतका वेळ तेच करत होतो.

२०२३ या वर्षातल्या ॲनिमे आणि व्हिडिओ गेमच्या संगीताबद्दल लिहायचं तर माझी सुरुवात इथूनच होणार. मी या संगीताचा समीक्षक नंतर, आधी चाहता. गेली कित्येक वर्षं प्रवासात, काम करताना, झोपण्यापूर्वी मी हेच ऐकत आलो आहे. आणि या वर्षाबद्दल माझं म्हणणं एकच आहे: याला पार्श्वसंगीत म्हणणं आता खरं राहिलेलं नाही. या वर्षी जे जे उत्तम झालं, त्यात संगीत प्रसंगाच्या मागे उभं नव्हतं. तोच प्रसंग होता.

‘ब्लू जायंट’ची मूळ मांगा मालिका शिनिची इशिझुका यांची. मांगा म्हणजे कागद, आणि कागदाला आवाज नसतो. नायक दाई मियामोतोचा टेनर सॅक्सोफोन वाचकांनी वर्षानुवर्षं फक्त रेषांच्या वेगातून, घामाच्या थेंबांतून आणि समोरच्या श्रोत्यांच्या चेहऱ्यांतून ऐकला. प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा दाई वाजत होता. तो एकदा पडद्यावर खरोखर वाजला, की बाकी सगळे गप्प होणार. ही जबाबदारी हिरोमी उएहारा या पियानोवादिकेने घेतली. तिने सगळं संगीत रचलं आणि युकिनोरी या गर्विष्ठ, तरबेज पियानोवादक पात्राचा पियानोही स्वतः वाजवला. दाईचा सॅक्सोफोन तोमोआकी बाबाचा. चित्रपटात काही दोष आहेत. मैफिलीच्या दृश्यांत संगणकाने हलवलेल्या आकृत्या कधीकधी बाहुल्यांसारख्या दिसतात आणि मन उडतं. पण डोळे मिटले तर या चित्रपटाचं काहीच बिघडत नाही. ॲनिमेबद्दल असं म्हणावं लागणं विचित्र आहे, तरी ते खरं आहे.

कागदावरचा सूर प्रत्यक्षात आणण्याचं दुसरं काम वर्षाच्या शेवटी झालं. २६ ऑक्टोबरला नेटफ्लिक्सवर ‘प्लूटो’ ही मालिका आली. नाओकी उरासावा यांनी २००३ ते २००९ या काळात ओसामू तेझुका यांच्या ‘ॲस्ट्रो बॉय’मधल्या एका कथेवरून तिची मूळ मांगा काढली होती. तिच्या सुरुवातीलाच नॉर्थ क्रमांक २ नावाचा यंत्रमानव येतो. युद्धासाठी बनवलेला, झग्याखाली शस्त्रांचे हात दडवून ठेवलेला. आता तो स्कॉटलंडमध्ये एका अंध, तिरसट, वृद्ध संगीतकाराच्या घरी नोकर आहे. त्याला पियानो शिकायचा आहे. म्हातारा त्याला पियानोला हात लावू देत नाही. यंत्राला संगीत कळत नाही, असं त्याचं ठाम मत आहे. तो झोपेत मात्र एक सूर गुणगुणतो, बालपणीचा, अर्धवट आठवणारा. त्या सुराचा माग काढायला यंत्रमानव बोहेमियापर्यंत जातो.

मांगा वाचताना ती धून आपण ऐकत नाही, ती सुंदर आहे यावर विश्वास ठेवतो. संगीतकार युगो कान्नोला ती बनवावी लागली, आणि या कथेचा सगळा भार त्या काही सुरांवर आहे. धून कमी पडली असती तर यंत्रमानवाचं दुःख खोटं ठरलं असतं. कान्नोने ती भरजरी केली नाही. आईने मुलाला झोपवताना म्हणावी इतकी साधी ठेवली. पहिल्या भागाच्या शेवटी ती ज्या रीतीने परत येते ते मी इथे सांगत नाही. ते पाहून झाल्यावर मी बराच वेळ पुढचा भाग लावू शकलो नाही, एवढंच सांगतो.

या दोन कलाकृतींपुढे वर्षातलं सर्वांत गाजलेलं गाणं ठेवलं तर काय होतं? गाणं अर्थातच ‘आयडॉल’. १२ एप्रिलला ‘ओशी नो को’ मालिकेचा दीड तासाचा पहिला भाग प्रसारित झाला आणि योआसोबी या जोडीचं हे शीर्षकगीत जगभर पसरलं. बिलबोर्ड जपानच्या मुख्य यादीत ते सलग २१ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. अमेरिका वगळून काढल्या जाणाऱ्या बिलबोर्डच्या जागतिक यादीत पहिलं येणारं ते पहिलं जपानी गाणं. एवढ्या यशाकडे संशयाने पाहण्याची समीक्षकांना सवय असते. मलाही होती. पण गाणं पूर्ण ऐकल्यावर संशय उरला नाही. आधी बाहेरचं जग मालिकेतल्या आय नावाच्या गायिकेकडे भारावून पाहतं, मग तिच्याच गटातल्या मुलींची जळफळ ऐकू येते, आणि शेवटी ती स्वतः बोलते. जोडीतल्या गायिकेचा, इकुराचा, आवाज तोच, पण प्रत्येक वेळी बोलणारं माणूस बदलतं. संगीतकार आयासेच्या रचनेत रॅप आहे, चर्चमधल्या समूहगानासारखा भाग आहे, चाहत्यांच्या आरोळ्या आहेत, सूरपट्टी पायाखालून सतत सरकत राहते. साडेतीन मिनिटांत खोट्या हसण्याची अख्खी गोष्ट सांगून होते. मालिका काढून घेतली तरी ती गोष्ट उभी राहील.

मात्र या यशाची एक वाईट बाजूही आहे. जपानमध्ये याला टाय-अप म्हणतात: मालिका आणि कलाकाराचं नवं गाणं यांची व्यापारी गाठ. दीड मिनिटाचं शीर्षकगीत ही आता संगीत कंपन्यांची सर्वांत मोलाची जागा झाली आहे. शीर्षकगीत कोणाचं, याची महिनाभर आधी जाहिरात होते. मालिकेतलं उरलेलं सगळं संगीत कोणाचं, हे विचारलं तर निम्म्या चाहत्यांना सांगता येत नाही. ‘फ्रीरेन’चंच पाहा. शीर्षकगीत पुन्हा योआसोबीचं, त्याची चर्चा भरपूर. पण त्या मालिकेचा जीव इव्हान कॉलच्या संगीतात आहे. अमेरिकेत वाढलेला, जपानमध्ये स्थिरावलेला हा संगीतकार. ‘व्हायोलेट एव्हरगार्डन’मध्ये त्याने टंकलेखन यंत्राच्या खटखटीलाच वाद्य केलं होतं. फ्रीरेन हजार वर्षांहून अधिक जगलेली. तिचे मानवी सोबती म्हातारे होऊन मरतात आणि आपण त्यांना नीट ओळखलंच नाही, हे तिला उशिरा कळतं. अशा कथेत संगीताने आधीच रडून दाखवलं की प्रेक्षकाला रडायला जागा उरत नाही. कॉल घाई करत नाही. लोकसंगीताच्या वळणाची त्याची धून भाग उलटतील तशी निरनिराळ्या वाद्यांवर येत राहते, आणि सातव्या-आठव्या भागापर्यंत ती ऐकणाऱ्याची स्वतःची आठवण होऊन बसते.

हायाओ मियाझाकींच्या ‘द बॉय अँड द हेरॉन’साठी जो हिसाइशीने याहूनही कमी वाजवलं. बऱ्याच ठिकाणी नुसता पियानो, तोही थांबून थांबून. ‘स्पिरिटेड अवे’च्या चालींची अपेक्षा ठेवून गेलेल्या काही मित्रांना ते कोरडं वाटलं. मला ते या जोडीच्या अनेक वर्षांच्या कामातलं सर्वांत धीट वाटतं.

गेमच्या संगीताला वेगळे कान लागतात. चित्रपटात प्रसंग किती सेकंदांचा आहे हे संगीतकाराला ठाऊक असतं. गेममध्ये ते खेळणाऱ्याच्या हातात असतं. कोणी दरवाजापाशी दहा सेकंद थांबेल, कोणी दहा मिनिटं. त्यामुळे संगीत थराथरांनी रचून ठेवतात आणि खेळणारा जे करेल त्याप्रमाणे थर चढतात-उतरतात. हे तंत्र जुनं आहे. पण या वर्षी ते इतक्या जणांनी इतकं समजून वापरलं, की खेळता खेळता थबकायला झालं.

मे महिन्यात आलेल्या ‘झेल्डा: टिअर्स ऑफ द किंगडम’मध्ये बर्फाच्या वादळातून आकाशात चढत जाण्याचा एक टप्पा आहे. हवेत तरंगणाऱ्या जहाजांवरून उड्या मारत वर जायचं. आपण जितके वर जातो तितकं संगीत भरत जातं. पाय घसरून खाली आलो की तेही खालच्या पायरीवर उतरतं. चढणीच्या टोकाला कोल्गेरा नावाच्या राक्षसाशी हवेतली लढाई होते, आणि तिच्या मध्यभागी २००२ च्या ‘विंड वेकर’मधल्या ड्रॅगन रूस्ट बेटाची चाल अचानक वर येते. ज्याने तो जुना गेम खेळलेला आहे त्याच्या अंगावर काटा येतो. ज्याने खेळलेला नाही त्यालाही काहीतरी मोठं घडल्याचं कळतं. या गेमच्या मुख्य धुनीत एर्हू हे दोन तारांचं चिनी गजवाद्य आणि सॅक्सोफोन शेजारी शेजारी आहेत. एर्हूची मींड कानावर पडली की मला सारंगी आठवल्याशिवाय राहत नाही. मानाका काताओका आणि तिच्या सहकाऱ्यांचं हे काम माझ्या मते वर्षातलं सर्वोत्तम गेम-संगीत आहे.

द गेम अवॉर्ड्सने निराळा निर्णय दिला. संगीताचा पुरस्कार ‘फायनल फँटसी १६’ला, म्हणजे मासायोशी सोकेनला मिळाला. सोकेनच्या ताकदीबद्दल वाद नाही. महाकाय प्राण्यांच्या झुंजींत त्याचा समूहस्वर आणि वाद्यवृंद मिळून छाती दडपून टाकतात. तक्रार आहे ती प्रमाणाची. किरकोळ चकमकीलाही तीच गर्जना, तोच आवेश. तीस तास हे ऐकल्यावर मोठ्या प्रसंगासाठी कानात जागा उरत नाही. फेब्रुवारीत आलेल्या ‘ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर २’मध्ये यासुनोरी निशिकीने नेमकं हेच भान राखलं आहे. एक बटण दाबलं की दिवसाची रात्र होते, आणि त्याच गावाची तीच चाल रात्रीच्या वाद्यांत, रात्रीच्या गतीने वाजू लागते. मी कित्येकदा पुढचं काम सोडून चौकात उभा राहिलो आणि नुसती दिवस-रात्र करत ऐकत बसलो.

‘हाय-फाय रश’ची कमाल आणखी वेगळी. जानेवारीत हा गेम जाहीर झाला आणि त्याच दिवशी विक्रीला आला. यातलं अख्खं जग ठेक्यावर हलतं: झाडं, यंत्रं, शत्रू, आणि ८०८ नावाचं मांजर. बटण तुम्ही कधीही दाबा, तुमचा घाव ठेक्यावरच पडतो. तुम्हीही ठेक्यावर दाबलंत तर जास्तीचे गुण. म्हणजे लयीत नसलेल्या माणसालाही गेम सांभाळून घेतो आणि हळूहळू लयीत आणतो. नवख्या गाणाऱ्याला जाणता तबलजी असाच समेवर आणून सोडतो.

आणि मग गाणारी पात्रं. ‘बाल्डर्स गेट ३’मधला रॅफेल हा सैतान आपल्या शेवटच्या लढाईत स्वतःचं पद स्वतःच गातो. बोरिस्लाव स्लावोवची रचना, आवाज त्या पात्राच्याच नटाचा, अँड्र्यू विनकॉटचा. संगीत नाटकात पदामुळे कथा थांबते की पुढे सरकते, हा आपल्याकडचा जुना वाद. इथे त्याचा निकाल लागतो: गाणं चालू असताना तुम्ही लढत असता, आणि त्याच्या अहंकाराचा आवाज ऐकतच त्याला हरवता. ऑक्टोबरमध्ये ‘ॲलन वेक २’ने पुढची पायरी गाठली. भयकथेच्या मध्यावर एक पूर्ण संगीतिका उभी केली, फिनलंडच्या पोएट्स ऑफ द फॉल या बँडच्या साथीने, आणि नायकाचा सगळा पूर्वेतिहास त्या एका गाण्यात सांगून टाकला. त्याच महिन्यात ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’मध्ये मांसाहारी झाडं रांगेने गात निघाली. घरातल्या लहान मुलांनी ती पातळी पुन्हा पुन्हा खेळायला लावली.

मारिओवरून आठवलं. ‘ओशी नो को’ सुरू झाली त्याच तारखेला, १२ एप्रिलला, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने कोजी कोन्दोची १९८५ची मारिओची धून राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली. गेमच्या संगीताला तिथे मिळालेली ही पहिली जागा. फेब्रुवारीत ग्रॅमीने गेम-संगीताचा स्वतंत्र पुरस्कार प्रथमच दिला होता, स्टेफनी इकोनोमूला. आणि या दोन्हींच्या मध्ये, २८ मार्चला, संगीतकार र्‍युइची साकामोतो गेले. ‘विंग्ज ऑफ ओनेआमिस’ या १९८७च्या ॲनिमेचं संगीत त्यांचं होतं, आणि सेगाचा ड्रीमकास्ट चालू करताना वाजणारा छोटासा नादही त्यांचाच. चित्रपटसंगीताचं ऑस्कर मिळवलेल्या माणसाला काही सेकंदांचा तो नाद करावासा वाटला, यातच या कलेचा मान आहे.

आपल्याकडे मात्र हा मान अजून पोहोचलेला नाही. माझ्या पिढीने ॲनिमे पाहिले ते हिंदी वाहिन्यांवर, तिथे अनेकदा मूळ शीर्षकगीताच्या जागी नवं हिंदी गाणं असे. २१ एप्रिलला ‘सुझुमे’ हा ॲनिमे चित्रपट भारतात प्रदर्शित झाला. मी पाहिला त्या चित्रपटगृहात शेवटची श्रेयनामावली सुरू होताच दिवे लावले गेले, दारं उघडली गेली, आणि रॅडविम्प्स या बँडचं समारोपाचं गाणं खुर्च्यांच्या खडखडाटात बुडालं. आम्ही काहीजण तसेच बसून राहिलो. साफसफाईला आलेला मुलगाही झाडू टेकवून थोडा वेळ उभा राहिला.

या वर्षातलं एकच काही ऐकायचं असेल तर ‘ब्लू जायंट’ ऐका. चांगले हेडफोन लावा, आणि पहिल्या मैफिलीपासून शेवटच्या मैफिलीपर्यंत फक्त तामादाच्या ड्रमवर कान ठेवा.