तीन ओळींतलं पाखरू

सकाळी मोबाईल उघडला की ग्रुपवर छोट्या छोट्या कवितांची रांग लागलेली असते. खाली उगवता सूर्य, वर उडणारे पक्षी आणि मधात हिंमत न हारण्याचा सल्ला. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, समीक्षा काही माझं वावर नाही. पण सूर्य आणि पाखरं साठ वर्षांपासून पाहतो, तेवढ्या हक्कानं बोलतो.

आमच्या भागात शेतकऱ्यांना धीर देण्याचा एक कार्यक्रम झाला. मंडपात फलक होता. पाखरं दाण्यासाठी वणवण करतात, पण कधी फास घेत नाहीत, अशा अर्थाच्या चार ओळी. बाजूला आमच्या गावची एक बाई बसली होती. तिचा नवरा दोन वर्षांआधी गेला. तिनं वाचलं आणि हळूच म्हणाली, “पाखरावर सोसायटीचं कर्ज नसते ना, भाऊ.” त्या कवितेवर याहून नेमकं कोणी बोलेल असं मला वाटत नाही.

मग पाखराची कविता धीर देतच नाही का? देते. बहिणाबाई चौधरींची सुगरणीची कविता घ्या. शाळेत पाठ केली, अजून पुसली गेली नाही. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, ऐन तिशीत विधवा झाल्या. त्या गेल्यावर सोपानदेवांनी आईची गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली पुस्तक आलं. या बाईनं सुगरणीकडं पाहिलं ते कामाकडं पाहिलं. झाडाला टांगलेला खोपा, त्याची वीण, चोचीएवढं हत्यार. शेवटी माणसाच्या हातांबद्दल ती टोमणा मारतेच, नाही असं नाही. पण आधी कारागिरी मन लावून दाखवते, मग बोलते. आणि बोलते तीही घरातल्या आत्यासारखी, म्हणून तिचं बोलणं लागते पण टोचत नाही. फलकावरच्या कवीनं पाखरू पाहिलंच नव्हतं, त्याला फक्त सल्ला द्यायचा होता.

आता एक शेतकऱ्याची शंका. खोपा मादी विणत नाही, नर विणतो. सालिम अलींनी 1930 च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला हे बारकाईनं पाहून लिहून ठेवलं. नर अर्धा खोपा विणतो, मादी येऊन पाहून जाते. पसंत पडला तर राहते, नाहीतर तो तसाच लटकत राहतो आणि हा बुवा दुसरा विणायला घेतो. यानं बहिणाबाईंची कविता खोटी पडत नाही. त्यांची सुगरण ही आईच आहे, पिलांसाठी जीव टांगणारी. पण माझ्या विहिरीवरच्या बाभळीला दरसाल आठ-दहा असे नापसंत खोपे लोंबतात, आणि मला पुऱ्या खोप्यापेक्षा त्यांच्याकडंच जास्त पाहावंसं वाटते. त्यांच्यावर कोणी लिहिलेलं माझ्या वाचण्यात नाही.

असल्या गोष्टीला हायकू बरा. योगायोग पाहा, हा जपानी प्रकार मराठीत रुजवला तो अत्र्यांच्याच लेकीनं, शिरीष पै यांनी. तीन ओळी, त्यात उपदेशाला जागाच उरत नाही. पाखरू आलं, दिसलं, गेलं. जपानात इस्सा नावाचा हायकूकार झाला, शेतकऱ्याचा पोरगा. आई लहानपणीच गेली, पुढं स्वतःची लेकरं गेली, 1827 साली घर जळलं तर गोदामात राहिला. तो चिमण्यांवर, माश्यांवर लिहीत गेला. धीर धरा म्हणत बसला नाही. वाचणाऱ्याला मात्र धीर येते बाप्पा!

सूर्याचं वेगळंच आहे. ग्रुपवरच्या कवितेत उगवता सूर्य म्हणजे आशा. आमच्या कोरडवाहू पट्ट्यात ते महिना पाहून ठरते. मृगात पेरून बसलो आणि सकाळी लख्ख सूर्य निघाला की पोटात गोळा येतो, दुबार पेरणी डोळ्यांपुढं दिसते. वैशाखात अकोल्याचा सूर्य उगवतो तोच डोळे वटारून. तोच दिवाळीच्या मागंपुढं, अवकाळीनं बोंडं भिजली असताना निघाला तर देव वाटतो. सुरेश भट अमरावतीत जन्मले. त्यांच्या एका गाण्यात पहाट होता होताच काळोख पसरतो. ‘सिंहासन’ सिनेमात ते गाणं आहे. ते राजकारणाबद्दल आहे म्हणतात, असेल. मी मात्र ते जूनमध्ये, आभाळाकडं पाहत ऐकतो आणि मला ते खरं वाटते.

टिटवीवर तीन ओळी कोणी लिहिल्या तर मी पाठ करीन. तिची अंडी किती उंचावर आहेत यावरून आमच्याकडं पावसाचा अंदाज बांधतात, बाकी तिला कोणी विचारत नाही. उघड्या ढेकळांत तीन-चार मातकट अंडी. डवरा जवळ आला की डोक्यावर घिरट्या घालून अशी कोकलते की बैलही बुजतात. आपण तेवढी जागा सोडून तास पुढं नेतो. धुऱ्यावर पोचून मागं पाहिलं तर ती परत जाऊन बसलेली असते.