थापटण्यामागचा हात

गोरोबाकाकांच्या अंगणातली संतांच्या परीक्षेची कथा मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. आमच्या शाळेत गुरुपौर्णिमेला मुख्याध्यापकांनी चार शब्द बोलायचे असतात, आणि मी मराठीचा माणूस असल्यामुळे ते चार शब्द बहुधा याच कथेचे असत. तेरढोकीला संतमेळा जमला आहे. मुक्ताबाई कोपऱ्यातले थापटणे पाहून विचारते, काका, हे काय? मडके कच्चे की पक्के ते पाहण्याचे साधन, असे काका सांगतात. मग आम्हा मडक्यांचीही पारख करा, असा तिचा आग्रह. काका एकेकाच्या डोक्यावर थापटत जातात. सगळे मुकाट बसतात, नामदेव मात्र चिडतो. काका निर्णय देतात: हे एवढे मडके कच्चे. तात्पर्य म्हणून मी फळ्यावर लिहीत असे, ‘अहंकार गुरुचरणी अर्पण करावा’. मुले ते वहीत उतरवून घेत, आणि आमची गुरुपौर्णिमा संपत असे.

गेल्या दिवाळीच्या आधी एक जुना विद्यार्थी पणत्या घेऊन घरी आला. खानापूर भागातला, कुंभाराच्या घरातला. चहा घेता घेता सहज म्हणाला, “सर, तुम्ही मला आठवीत कच्चं मडकं म्हटलासा, भर वर्गात. ध्यानात हाय?” माझ्या ध्यानात नव्हते. तो हसत होता. “त्या दिवसापासनं मी वर्गात हात वर केला न्हाई बगा.” मग थोडे थांबून म्हणाला, “पर गोष्ट तुम्ही अर्धीच सांगत होतासा. भाजलेलं मडकं बोटानं वाजवून बगायचं असतंय. थापटणं असतंय ते ओल्या मडक्याला. आणि बाहेरनं मारताना आतनं दुसरा हात लागतोय, दगडी गोळा धरलेला. नुसतं बाहेरनं मारलं तर मडकं बसतंय.”

पणत्या मोजून देऊन तो निघून गेला. मी एम. ए.ला संतवाङ्मय घेतले होते, पण थापटण्यामागे दुसरा हात असतो हे मला कुणी शिकवले नव्हते. त्या हाताच्या शोधात मी या कथा पुन्हा वाचल्या. प्रस्तुत लेख हा त्या वाचनाचा हिशेब आहे.

*

नामदेवाची ही कथा महिपतींनी ‘भक्तविजया’त (१७६२) रंगवून सांगितली आहे. महिपती हे रसाळ कथेकरी, पण त्यांना चमत्काराची ओढ मोठी. कथेचा उत्तरार्ध आठवावा. अपमानित नामदेव पंढरीस येऊन विठ्ठलापाशी गाऱ्हाणे करतो. देव त्याची बाजू घेत नाही. तो म्हणतो, तुला गुरू हवा, विसोबा खेचराकडे जा. औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले! नामदेव रागावतो. विसोबा शांतपणे म्हणतात, मी म्हातारा झालो. जिथे देव नसेल तिथे माझे पाय तूच उचलून ठेव. नामदेव पाय हलवतो, तो जिकडेतिकडे पिंडी.

ऐकणाऱ्याचे लक्ष त्या पिंडींकडे जाते. मला आता वाटते, ते नामदेवाच्या हातांकडे जायला हवे. विसोबांनी त्याला ‘माझ्या शब्दावर विश्वास ठेव’ असे म्हटलेले नाही. त्यांनी आपले पायच त्याच्या स्वाधीन केले आणि खात्री त्याची त्याला करून घ्यायला लावली. ज्याने शरण जायचे, त्याच्याच हातात कसोटी दिली आहे. गोरोबांचे थापटणे बाहेरून बसले. आतला हात विसोबांचा.

आणि हे विसोबा तरी कोण? परंपरा सांगते, आळंदीत ज्ञानेश्वरादी भावंडांचा छळ करणारे, मांड्यांसाठी मुक्ताबाईला कुंभाराकडून खापर मिळू न देणारे विसोबा चाटी ते हेच. म्हणजे एके काळी दुसऱ्याचे मडके अडवणारा हा माणूस पुढे कच्च्या मडक्याचा गुरू झाला. आपण स्वतः कच्चे होतो याची आठवण त्याच्यापाशी असणार. ती आठवण विसरलेला माणूस गुरुपदावर बसला की काय होते, ते आपण सारे पाहतो.

नामदेवाचे पुढे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. अहंकार गेला म्हणून त्याची वाणी गेली नाही. तो कीर्तन करीत राहिला, उत्तरेत पंजाबापर्यंत त्याचे नाव पोहोचले आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्याच्या ६१ पदांना स्थान मिळाले. औंढ्यात त्याने जे काही टाकले, त्यात त्याची प्रतिभा नव्हती आणि त्याची बुद्धीही नव्हती.

*

आपण सीमाभागातले लोक दोन भाषांत वाढतो, पण संतकथा मात्र एकाच भाषेतल्या वाचतो. ही आपली उणीव आहे. नामदेवाच्या कथेची जुळी बहीण कन्नडमध्ये आहे. अल्लमप्रभू आणि शिवशरण यांच्या संवादांचा ‘शून्यसंपादने’ हा ग्रंथ पंधराव्या शतकात प्रथम संकलित झाला. त्यात बाराव्या शतकातल्या सिद्धरामाची कथा येते. सिद्धराम सोन्नलिगेचा, म्हणजे आपल्या सोलापूरचा. ज्याच्या नावाने तिथे संक्रांतीला नंदीध्वजांची यात्रा भरते, तोच हा सिद्धेश्वर.

सिद्धराम वाईट माणूस नव्हता. त्याने तळे खोदवले, देवळे बांधली, हजारो हातांना काम दिले. अशा माणसाच्या गावात अल्लम येतो आणि खोदकाम करणाऱ्या ओड्डांच्या नावाने हाक मारून विचारतो, कुठे आहे तो ओड्डराम? मजूर चिडून त्याच्यावर दगड टाकतात, सिद्धरामही खवळतो. त्या रागातच अल्लमला हवे असलेले उत्तर मिळते. तळे चांगलेच आहे, पण ‘ते मी केले’ हा दगड अजून तळाशी पडून आहे. नामदेवाची चीड आणि सिद्धरामाचा राग एकाच मातीचे. दोघेही लोकमान्य, दोघांचेही काम चोख, आणि दोघेही तिथेच दुखावले जातात.

या कथेचा शेवट मला फार मोलाचा वाटतो. सिद्धराम नमल्यावर अल्लम त्याला आपला शिष्य करून घेत नाही. तो त्याला कल्याणला घेऊन जातो आणि तिथे दीक्षा देतो बसवण्णांचा तरुण भाचा चेन्नबसवण्णा. नावारूपाला आलेल्या सिद्धरामाने एका पोरसवद्या शरणापुढे मान लववावी! आपल्याकडे चांगदेवाचे तेच झाले. चौदाशे वर्षांचा म्हणून ख्यातीचा योगी ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला, तो मायना सुचेना. वयाने ते लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? कोरा कागद गेला आणि उत्तरादाखल ‘चांगदेवपासष्टी’च्या ६५ ओव्या आल्या. पुढे त्याची गुरू झाली मुक्ताबाई, वयाने केवळ पोर.

या तिन्ही कथा एकापुढे एक ठेवल्या की काही गोष्टी डोळ्यांत भरतात. नमतो तो मोठा, ज्याच्यापुढे नमायचे तो लौकिकात धाकटा किंवा अप्रसिद्ध. नमवणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. ना गादी, ना जमीन, ना शिष्यांची संख्या. गोरोबा नामदेवाला ठेवून घेत नाहीत, अल्लम सिद्धरामाला ठेवून घेत नाही. मडके तयार झाले की ते कुंभाराच्या घरी राहायचे नसते, इतके हे सरळ आहे.

*

यावर कुणी म्हणेल, मग ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायाचे काय? ‘आचार्योपासना’ या एका शब्दावर ज्ञानेश्वरांनी ओव्यांमागून ओव्या ओतल्या आहेत. तिथला शिष्य गुरूच्या पादुका होऊ पाहतो, छत्र होऊ पाहतो, द्वारपाल होतो. मेल्यावर आपल्या देहाची माती गुरूच्या पायांखाली यावी असे मागतो. आजचे कित्येक महाराज आपल्या दासांना हाच उतारा वाचायला लावतात.

तो उतारा जागेवर ठेवून वाचावा, एवढेच माझे म्हणणे आहे. गीतेतली ती ज्ञानाच्या लक्षणांची यादी आहे. तिच्यात आधी मानाची हाव नसणे येते, मग दंभ नसणे, अहिंसा, क्षमा, सरळपणा आणि त्यानंतर सहावे लक्षण आचार्योपासना. पहिली पाच लक्षणे ज्याच्यापाशी नाहीत, त्याने सहाव्याचा अधिकार सांगू नये, आणि शिष्याइतकेच हे गुरूलाही लागू आहे. शिवाय या ओव्या कुणाला उद्देशून आहेत? निवृत्तिनाथांना. जेमतेम थोरला भाऊ, आईबापांवाचून वाढलेला, समाजाने वाळीत टाकलेला. त्याच्याजवळ सिंहासनही नव्हते आणि भांडारही नव्हते. त्या भक्तीचा एवढा डोलारा अशा रिकाम्या हातांच्या माणसावर उभा आहे, म्हणून तो सुंदर दिसतो. तोच डोलारा संपत्तीवर उभारला, की त्याची खुशामत होते. चौथ्या अध्यायात गीतेने ज्ञानाची वाट म्हणून प्रणिपात आणि सेवा यांच्यामध्ये परिप्रश्नाला बसवले आहे, हेही विसरू नये. जिथे प्रश्न विचारण्याची मुभा नाही, तिथे उरलेली दोन पाये कितीही भक्कम असली तरी तिवई उभी राहत नाही.

आपल्याच भागातले उदाहरण हवे असेल तर गुरुदेव रा. द. रानड्यांचे घ्यावे. १८८६ साली जमखंडीत जन्मलेल्या या तत्त्वज्ञाने १९०१ मध्ये उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम घेतले आणि १९५७ मध्ये निंबाळला देह ठेवेपर्यंत ते सांभाळले. मधल्या काळात त्यांनी उपनिषदांचे कसून विवेचन केले, ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ (१९३३) लिहिले, अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवले. गुरूला शरण गेलेल्या या माणसाने आपली चिकित्सा कधी गहाण टाकली नाही.

*

एवढे लिहून मी थांबलो असतो, तर माझा लेख गोमटा झाला असता. पण तो आठवीतला मुलगा समोरून हलेना. नामदेवापाशी कीर्ती होती, सिद्धरामापाशी तळे होते, चांगदेवापाशी चौदाशे वर्षे होती. त्यांच्यापाशी द्यायला अहंकार होता. मागच्या बाकावर बसून नुकताच हात वर करायला शिकलेल्या पोरापाशी काय होते, की जे मी काढून घेतले?

या प्रश्नाचे उत्तर मला बहिणाबाईंपाशी (१६२८–१७००) सापडले. वेरूळजवळच्या देवगावची ही मुलगी बालपणीच तिच्याहून कितीतरी मोठ्या पुरुषाला दिलेली. कोल्हापुरात कीर्तनांतून तिच्या कानी तुकोबांचे अभंग पडले, आणि तिथेच स्वप्नात तुकोबांनी तिला उपदेश केला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्र गुरू केला म्हणून नवऱ्याने तिला मारले, बांधून घातले. जिला स्वतःचे असे काहीच ठेवू दिलेले नव्हते, तिने कसला अहंकार अर्पण करायचा? तिच्या बाबतीत कथा उलटी फिरते. गुरूपायी तिने ‘मी’ गमावला नाही, तिथे तो तिला प्रथम मिळाला. पुढे तिने आपले आयुष्य अभंगांत सांगितले. मराठीत स्त्रीने लिहिलेल्या आद्य आत्मकथनांत त्याची गणना होते. ब्राह्मण कुणाला म्हणावे हा प्रश्न करणारी ‘वज्रसूची’ही तिने मराठीत आणली. तुकोबांनी तिला थापटले नाही. त्यांचा फक्त आतला हात तिला लागला.

म्हणून शरणागतीचे एकच तात्पर्य सगळ्यांसाठी फळ्यावर लिहिता येत नाही. भरलेल्याला रिते व्हायला सांगावे, रित्याला नव्हे. ज्या घरांत बायका, मुले, गरीब माणसे आधीच मान खाली घालून वावरतात, तिथे जाऊन ‘अहंकार सोडा’ असा उपदेश करणे म्हणजे ओले मडके नुसते बाहेरून बडवणे होय. आणि ‘कच्चे’ हा शब्दही मी शिवीसारखा वापरला. कुंभाराला विचाराल तर कच्चे मडकेच घडवता येते. चुकले तर पाण्यात भिजवून पुन्हा चाकावर घेता येते. भाजलेल्यात ती सोय राहत नाही. त्या दिवशी तेरढोकीला ज्याचे अजून काही होण्यासारखे होते, असा निदान एक जण होता, आणि तो नामदेव.

यंदाच्या गुरुपौर्णिमेला मी ही कथा शेवटपर्यंत सांगितली आणि फळा कोरा ठेवला. एका मुलीने हात वर करून विचारले, “सर, नामदेवानं पाय उचलले नसते तर?” मला उत्तर येत नव्हते आणि मी तसे सांगितले.

त्या विद्यार्थ्याची क्षमा मागायची राहून गेली आहे. त्या दिवशी सुचलेच नाही. हा अंक हाती आला की तो घेऊन खानापूरला जाणार आहे. पणत्याही घ्यायच्या आहेत. पण त्याआधी त्याच्या चाकाजवळ थोडा वेळ बसून त्याचा दुसरा हात कसा चालतो ते पाहणार आहे.