वाटीतला लाल रस : कोअर कॅचरच्या चित्राविषयी

अणुभट्टीतील इंधन वितळले तर ते कोठे जाईल? जैतापूर प्रकल्पाची चर्चा निघाली की हा प्रश्न येतोच आणि त्याचे ठरलेले उत्तरही येते : कोअर कॅचर. रत्नागिरी जिल्ह्यातील या प्रकल्पासाठी प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच ‘ईपीआर’ अणुभट्ट्या सुचविण्यात आल्या. त्यांच्या आराखड्यात वितळलेला गाभा झेलण्याची ही व्यवस्था आहे. ती समजावताना बहुधा एकच चित्र काढले जाते : वर भट्टी, खाली वाटी आणि वाटीत लाल रस. आमचा आक्षेप उपकरणाला नाही, या चित्राला आहे. रस वाटीत पडला की संकट संपले, असे ते सुचवते. प्रत्यक्षात खरे काम तेथून सुरू होते.

हे समजण्यासाठी आधी आमच्या परळीचे औष्णिक वीजकेंद्र पाहू. २०१३ च्या दुष्काळात, फेब्रुवारीमध्ये, खडका बंधाऱ्यातील पाणी संपल्याने हे केंद्र बंद ठेवावे लागले. वीज गेली, हाताचे काम गेले. पण केंद्रापासून धोका निर्माण झाला नाही. कोळसा टाकणे थांबले की नवी उष्णता तयार होत नाही. बॉयलर तापलेला असतो, तो हळूहळू निवतो.

अणुभट्टीचे तसे नाही. नियंत्रक कांड्या खाली सोडल्या की विखंडनाची साखळी काही सेकंदांत थांबते. आपला पाठही बहुधा येथेच थांबतो. परंतु विखंडनातून तयार झालेली किरणोत्सारी मूलद्रव्ये इंधनातच असतात आणि त्यांचा ऱ्हास कोणत्याही कांडीने थांबत नाही. भट्टी बंद झाल्या क्षणी या ऱ्हासाची उष्णता पूर्ण औष्णिक शक्तीच्या सहा ते सात टक्के असते, तासाभराने सुमारे दीड टक्का आणि एका दिवसाने साधारण अर्धा टक्का.

टक्के लहान वाटतात, म्हणून गणित करू. ईपीआरची औष्णिक शक्ती सुमारे ४५९० मेगावॉट. बंद होताच तिच्यात सुमारे ३०० मेगावॉट उष्णता निर्माण होत असते. (परळीच्या एका नव्या संचाची वीजनिर्मितीची क्षमता २५० मेगावॉट आहे.) दुसऱ्या दिवशी उरतात सुमारे २३ मेगावॉट. ही उष्णता केवळ पाण्याची वाफ करून काढायची ठरवली, तर दिवसाला जवळपास आठ लाख लिटर पाणी लागेल. मराठवाड्याच्या भाषेत सांगायचे तर दहा हजार लिटरचे ऐंशी टँकर, रोज! पुढे हा आकडा कमी होत जातो, पण फार सावकाश.

आता उपकरणाकडे वळू. ईपीआरमध्ये वितळलेला गाभा पात्र फोडून खाली आला, तर तो आधी एका खास काँक्रीटच्या थरात साचतो. तो थर आणि त्याखालचे झाकण वितळवून रस उतरत्या वाटेने सुमारे १७० चौरस मीटरच्या दालनात पसरतो. दालन त्या वेळी कोरडे ठेवलेले असते. रस आल्यावर झडपा उघडतात आणि टाकीतील पाणी गुरुत्वाकर्षणाने, पंपाशिवाय, तेथे पोहोचते. तमिळनाडूतील कुडनकुलमच्या रशियन भट्ट्यांमध्ये रचना निराळी आहे : पात्राच्या थेट खाली, लोह व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी भरलेले पोलादी भांडे.

पसरण्याचे कारण गुऱ्हाळात दिसते. कढईतला पाक उथळ वाफ्यात ओतला की लवकर निवतो, कारण पृष्ठभाग वाढतो. विद्यार्थ्यांना ही उपमा जरूर द्यावी आणि ती कोठे तुटते तेही सांगावे. गुळाचा पाक एकदा निवला की निवला. अणुइंधनाचा रस आतून स्वतःला तापवतच राहतो.

म्हणून दालनातून उष्णता पुढे बाहेर काढावी लागते. ईपीआरमध्ये पहिले काही तास गुरुत्वाकर्षण काम करते. त्यानंतर पंप, उष्णता-विनिमयक आणि त्यांना वीज लागते. ‘आपोआप चालणारी वाटी’ म्हणताना हा भाग गळतो.

इतिहास हेच सांगतो. १९७९ मध्ये अमेरिकेतील थ्री माइल आयलंडला गाभ्याचा जवळपास निम्मा भाग वितळला, तरी पाणी पुन्हा पोहोचल्याने पोलादी पात्र टिकले. १९८६ मध्ये चेर्नोबिलला रस तळघरात उतरला. २०११ मध्ये फुकुशिमाच्या चालू भट्ट्या भूकंप होताच नियमाप्रमाणे बंद झाल्या होत्या. त्सुनामीने वीज गेली, थंडावा गेला आणि तीन गाभे वितळले. शिवाय तापलेले झिर्कोनियम व वाफ यांच्या अभिक्रियेतून हायड्रोजन निघाला आणि इमारतींत स्फोट झाले. हा वायू वाटीत पकडता येत नाही. त्यासाठी वेगळी साधने लागतात.

तारापूरच्या १९६९ पासूनच्या पहिल्या दोन भट्ट्यांमध्ये कोअर कॅचर नाही. नव्या आराखड्यात तो असणे ही निश्चित सुधारणा आहे. मात्र मोठ्या वीजकेंद्रातील प्रत्यक्ष अपघातात त्याची कसोटी आजवर लागलेली नाही. आपला विश्वास प्रयोगशाळेतील वितळलेल्या पदार्थांवरील प्रयोगांवर आणि गणितावर उभा आहे. समर्थकांनी हे लपवू नये आणि विरोधकांनी त्या प्रयोगांना शून्य मानू नये.

वर्गात ते चित्र जरूर काढावे, पण त्याला तीन बाण जोडावेत : उष्णता कोठे जाते, वायू कोठे जातात, पाणी कोठून येते. प्रत्येक बाणाच्या टोकाशी काय आहे आणि ते किती दिवस चालेल, हे विद्यार्थ्यांनी विचारावे. पाण्याअभावी वीजकेंद्र बंद पडलेले पाहिलेल्या गावात तिसरा बाण समजावून सांगण्यास अडचण येऊ नये.